वेबसाइट, अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, दुकानातली स्क्रीन: मजकूर एकाच जागी कसा ठेवायचा?

हापूसपेटी
रत्नागिरीतली आंबा-कोकम कंपनी. सगळा मजकूर वर्डप्रेसमध्ये, पेज बिल्डरने (ओढून-ठेवून पान रचायचं साधन) रचलेला. आता तोच अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, एसएमएस आणि महामार्गावरच्या ६ दुकानांतल्या स्क्रीनवर हवाय, मराठी-इंग्रजी दोन्हीत. वर्डप्रेसच हेडलेस करावं (मजकूर तिथे साठवायचा, दाखवायचं काम दुसऱ्यांचं) की स्ट्रॅपी हे मुळातच हेडलेस सीएमएस (मजकूर सांभाळायची प्रणाली) घ्यावं? सीझनला भाव रोज बदलतो.

बंदरावरून
रेस्ट एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला मजकूर देणारी खिडकी, वर्डप्रेसच्या गाभ्यात २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून आहेच. अडचण पेज बिल्डरची. एपीआयवर एचटीएमएलचा (मजकूर आणि मांडणीचा कोड एकत्र) लगदा येतो, त्यातून अ‍ॅपने पेटीतले डझन कुठून शोधायचे? म्हणून टूल नंतर, आधी कागदावर मॉडेल. 'आंबा पेटी' हे पान नव्हे, नोंद: नाव, दर्जा, डझन, पिकवायची सूचना, फोटो, प्रत्येक मजकुराला दोन्ही भाषांची फील्ड. संपादकांचा हात वर्डप्रेसवर बसला असेल तर कस्टम फील्ड लावून तेच ठेवा. स्ट्रॅपी स्वतः चालवायचं तर सर्व्हर आणि अपग्रेड तुमच्या गळ्यात.

एसएमएसला वेगळं फील्ड. देवनागरी मेसेज ७० अक्षरांत संपतो, लांबला तर प्रत्येक तुकडा ६७ चा. काना-उकारही मोजतात, 'हापूस' म्हणजे ५. शिवाय डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसची नोंदणी व्यवस्था) मेसेजचा साचा आधी मंजूर लागतो. सीएमएसमध्ये वाक्य बदललं, साचा जुनाच राहिला, तर मेसेज अडतो. साच्याचा क्रमांक नोंदीतच ठेवा.

भाव मात्र सीएमएसमध्ये नको. तो बिलिंगमधून, मालाच्या कोडवरून उचला. नाहीतर कॅशमुळे (तात्पुरती साठवलेली जुनी प्रत) साइटवर एक भाव, स्क्रीनवर दुसरा, आणि गिऱ्हाईक काउंटरवर भांडणार.

माडाखाली
स्क्रीनबद्दल: पावसात लाईट गेली की नेटही जातं. शेवटचं जेसन (एपीआयवरून आलेला डेटा) आणि फोटो डिव्हाइसवरच साठवा. नवं आलं की आधी पूर्ण उतरवा, मग एका झटक्यात बदला. जुन्यावरच लिहीत गेलात तर मध्येच नेट तुटून अर्धी स्क्रीन कोरी. भाव २४ तासांहून जुना असेल तर तेवढी चौकट लपवा.

हापूसपेटी
आणि प्रिव्ह्यू? संपादकांना छापण्याआधी बघायचं असतं.

बंदरावरून
हेडलेसचं खरं दुखणं तेच. मसुद्यासाठी वेगळा पत्ता, टोकन (प्रवेशाची किल्ली) आणि कॅश टाळणारी वाट लागते, प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र. किमान वेबसाइट आणि स्क्रीनचं काम अंदाजपत्रकात धराच. प्रकाशित झाल्यावर वेबहूकने (बदल झाला की सीएमएस आपणहून पाठवतो तो निरोप) कॅश पुसा, पण वेबहूक अधूनमधून हरवतो, म्हणून कॅशची मुदतही १० मिनिटांचीच ठेवा.