मदत हवी आहे: चीनमधलं म्याओ गाव, सोबत सासूबाई. शीजियांग की लांगदे?

नमस्कार मंडळी,

एप्रिलअखेरीस चीनच्या ग्वेइझोऊ प्रांतात, म्याओ या अल्पसंख्याक समाजाच्या गावांकडे, जायचं घाटतंय. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना भरतकामाचं वेड. शिदोंग भागातल्या म्याओ बायका रेशमाचा एकच धागा उकलून त्याचे केसासारखे बारीक पदर काढतात, ते शेंगेच्या चिकट रसातून ओढून घेतात आणि मग टाके घालतात. त्याचा व्हिडिओ पाहिल्यापासून "हे मला समोर बसून बघायचंय, दुकानात नको," असं चाललंय.

सगळे शीजियांग सुचवतात (शिनजियांग नव्हे, ते पार दुसऱ्या टोकाला!). हजारावर घरं, डोंगरउतारावर एकावर एक लाकडी माड्या. पण तिकीट, रोषणाई, रोजचे नाचाचे कार्यक्रम हे वाचून मन खट्टू झालं. त्याच लेइशान तालुक्यातलं लांगदे लहान आहे म्हणे. तिथे मुक्काम करावा का?

दुसरं, आम्ही शाकाहारी. आणि वेशीवर शिंगातून तांदळाची दारू देतात, ती सासूबाई घेणार नाहीत. राग येईल का कुणाला?

– सुईदोरा

डोंगरवेडा:
लांगदेलाच राहा. १९८०च्या दशकापासून तिथे पाहुणे येतात, पण कारभार गावाच्या हातात. स्वागताला जो उभा राहील त्याला गुण मिळतात, पोशाखाचेही गुण, आणि त्या हिशेबाने पैसे वाटले जातात. त्यामुळे म्हाताऱ्या आज्याही चांदी घालून हजर! नाचाचं अंगण मुद्दाम बघा, नदीतले गोटे बसवून काशाच्या ढोलावरची नक्षी केली आहे. शीजियांग अर्ध्या दिवसात उरकेल, समोरच्या टेकडीवरून दिसतं तेवढं पुरे. पायऱ्या मात्र दोन्हीकडे आहेत आणि पावसात निसरड्या होतात. सासूबाईंच्या गुडघ्यांचं बघा.

दारूचं सोपं आहे. शिंगाला हात लावायचा नाही. हात लावला की अख्खं संपवावं लागतं. हात मागे ठेवून नुसते ओठ टेकवले तरी चालतं, मान हलवून नको म्हटलं तरी कुणी जबरदस्ती करत नाही.

जेवणाचं अवघड आहे. तिथला आंबट रस्सा (टोमॅटो-मिरची आंबवून करतात) फर्मास, पण त्यात मासा असतो आणि फोडणी बहुधा डुकराच्या चरबीची. टोफू घालून, तेलात करा असं चिनीत लिहून न्या. एक मुळी कोशिंबिरीत येते, तिला चक्क माशाचा वास येतो. वनस्पतीच आहे, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा!

ग्वांगझोऊला उतरणार असाल तर तिथून बुलेट ट्रेन थेट ग्वेइझोऊतल्याच त्सोंगजियांगला जाते. जवळच बाशा, झाडांना देव मानणारं म्याओ गाव. परतताना कायली (या भागातलं मुख्य शहर) दक्षिण स्थानक धरा.

सुईदोरा:
खूप आभार! शिंगाचं आजच घरी सांगते. चिनी तिसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला थायजियांग तालुक्यात, शिदोंगकडे रंगीत भाताचा भगिनी-सण असतो ना? तो चीनमधल्या १ मेच्या (कामगार दिनाच्या) सुट्टीच्या गर्दीत सापडला, तर शिदोंगला खोली मिळेल की कायलीहून ये-जा बरी?