दूरचित्रवाणीसाठी घडलेली कबड्डी आणि गावचे मैदान

प्रश्न

आमच्या तालुक्यातील क्रीडा मंडळ दर वर्षी शिवजयंतीच्या सुमारास मातीवर कबड्डीची स्पर्धा भरवते. सामने मॅटवर, प्रकाशझोतात आणि प्रो कबड्डीच्या नियमांनुसार व्हावेत, म्हणजे त्यांचे थेट प्रक्षेपण करता येईल व जाहिरातींचे फलक नीट दिसतील, अशी अट यंदा देणगीदारांनी घातली आहे. मंडळातील ज्येष्ठांना हे पटत नाही. खेळाडूंना मात्र ते मनापासून हवे आहे. प्रेक्षक आणि जाहिरातदार डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला खेळ आम्ही कितपत स्वीकारावा?

प्रतिसाद १

मॅटचा दोष दूरचित्रवाणीला देऊ नये. प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ मध्ये, पण २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेतही कबड्डी मॅटवरच खेळली गेली होती. तुमच्या मुलांना पुढे जायचे असेल, तर मॅटवर पाय कसा सरकतो आणि पकडीत गुडघा कसा सांभाळायचा, हे त्यांना लहान वयातच शिकावे लागेल. नियमांबद्दल म्हणाल, तर आघाडीवर असलेला संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढत असे, हे आम्ही खेळाडू म्हणून अनुभवले आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, या नियमाने त्याला आळा बसला, आणि अव्वल पकडीच्या, म्हणजे मोजकेच गडी उरले असताना चढाईपटूला पकडल्याच्या, जादा गुणामुळे मैदानात तीनच गडी उरलेल्या संघालाही आशा राहते. पैशाचेही महत्त्व आहेच. पहिल्या लिलावात राकेश कुमार यांना मिळालेली १२.८ लाखांची बोली सर्वाधिक होती. २०२१ मध्ये परदीप नरवाल यांच्यासाठी १.६५ कोटी मोजले गेले. त्याआधी रेल्वे, पोलीस किंवा बँकेतील नोकरी हेच आमच्या पिढीतील चांगल्या चढाईपटूचे स्वप्न असे.

प्रतिसाद २

वरील मुद्दे मान्य असले, तरी मला खरी अडचण मालकीत दिसते. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या काळातील प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, तेव्हा विकणारे क्रिकेट मंडळ होते आणि वाहिन्या ग्राहक होत्या. प्रो कबड्डीत तसे नाही; स्पर्धा चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्सचे ७४ टक्के भागभांडवल २०१५ मध्ये स्टार इंडियाने घेतले, म्हणजे खेळ भरवणारा आणि तो दाखवून जाहिराती मिळवणारा एकच झाला. अशा व्यवस्थेत जे पडद्यावर खपणार नाही, त्याच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली आणि पुढच्या वर्षी ती भरलीच नाही. अभिलाषा म्हात्रे यांच्यासारखी अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू ज्या महाराष्ट्राने घडवली, तेथील मुलींना आजही पुरुषांच्या लिलावाच्या बातम्याच वाचाव्या लागतात, याचे मला फार वाईट वाटते. त्यामुळे मॅट जरूर घ्या, परंतु कोणता सामना कधी आणि किती वाजता होईल, हे ठरवण्याचा अधिकार देणगीदारांकडे जाऊ देऊ नका.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मंडळाच्या बैठकीत मॅट आणि नवे नियम स्वीकारण्याचा ठराव मी मांडणार आहे. मुलींचे सामने आतापर्यंत दुपारच्या उन्हात होत आले. यंदा त्यांचा अंतिम सामना रात्री आठ वाजता, पुरुषांच्या सामन्याच्या लगेच आधी, त्याच प्रकाशझोतात होईल आणि त्याचेही प्रक्षेपण पूर्ण केले जाईल, ही आमची अट करारात लिहून घेणार आहोत.