फॅमिली ग्रुप: फ्लोरिडात गोल्फ कार्ट रस्त्यावर काढायची तर

मुक्ता: मामा, एक वापरलेली चार सीटची गोल्फ कार्ट बघितली आहे. ४८ व्होल्ट, उंच केलेली, मोठे टायर. विकणारा म्हणतो ताशी २३ मैल पळते. कॉलनीच्या बाहेर दुकानापर्यंत नेता येईल ना? आई-बाबा येतायत, त्यांनाही चालवता आली तर सोय होईल.

संजयमामा: आधी तो २३ चा आकडा बघ. फ्लोरिडाच्या कायद्यात २० मैलांच्या वर जाऊच शकत नाही तीच गोल्फ कार्ट. २० च्या वर आणि २५ पर्यंत जाणारी चारचाकी म्हणजे लो-स्पीड व्हेइकल, एलएसव्ही. तू किती हळू चालवतेस याला अर्थ नाही, गाडी किती पळू शकते ते धरतात. कार्टला टायटल (मालकीचा सरकारी कागद), रजिस्ट्रेशन, विमा सक्तीचा नाही. एलएसव्हीला तिन्ही लागतं, वर चालवणाऱ्याकडे लायसन्स. विमा किमान १०,००० डॉलरचा पीआयपी, म्हणजे स्वतःच्या इजेचा, आणि १०,००० डॉलरचा प्रॉपर्टी डॅमेजचा, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा. त्यामुळे ही गाडी आहे तशी रस्त्यावर आणलीस तर ती नोंदणी न केलेली मोटार ठरेल.

मुक्ता: पण इथे आजूबाजूला बरेच जण चालवतात. रस्त्यावर ३५ ची मर्यादा असली की चालतं म्हणे.

संजयमामा: तो नियम एलएसव्हीचा. लोक तो कार्टला लावतात, घोळ तिथेच होतो. एलएसव्ही ३५ किंवा त्याहून कमी मर्यादेच्या रस्त्यावर चालते, जास्त वेगाचा रस्ता चौकात फक्त ओलांडायचा. गोल्फ कार्टसाठी मात्र काउंटीने किंवा शहराने वाहतूक आणि वेग बघून तो रस्ता जाहीर केलेला हवा, आणि तशी पाटी लावलेली हवी. मर्यादा २५ असली तरी रस्ता जाहीर नसेल तर कार्ट तिथे नको. घरापासून दुकानापर्यंतचा प्रत्येक तुकडा तपास. बहुतेक वेळा मधला एखादाच रस्ता अडतो.
आणि इंटरनेटवर दुसऱ्या राज्याचे नियम वाचू नकोस. कॅलिफोर्नियात गोल्फ कार्टची व्याख्याच १५ मैलांची आहे.

आई: संजय, आम्हाला तिथलं लायसन्स लागेल का? आणि आर्यन १४ चा झालाय, तो चालवीन म्हणतोय.

संजयमामा: ताई, खरी गोल्फ कार्ट असेल तर १८ वर्षांवरच्यांना सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. पासपोर्ट जवळ ठेवा, घरी कपाटात नाही. आर्यनला नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून १८ च्या आतल्यांना लर्नर किंवा पक्कं लायसन्स लागतं, आणि लर्नर १५ व्या वर्षी मिळतं. १४ चालतं असं अजून बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल, तो जुना नियम. दारू पिऊन चालवली तर कार्टलाही डीयूआय, म्हणजे नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा, लागतो, हे बाबांच्या मित्रमंडळींनाही सांग.
वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. रात्री चालवायची तर स्थानिक परवानगी हवी, आणि हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, विंडशील्ड चारही हवेत. दिवसाला चांगले ब्रेक, स्टीअरिंग, टायर, आरसा आणि पुढे-मागे लाल रिफ्लेक्टर.

निखिलदादा: मुक्ता, टायरवरचा आकडा वाच. १८×८.५-८ असं काही असतं, त्यातला पहिला आकडा म्हणजे इंचात उंची. १८ च्या जागी २२ बसवले की मोटर तेवढीच फिरूनही वेग सुमारे २२ टक्के वाढतो. १७ ने पळणारी गाडी २० च्या वर जाते, कुणी मोटरला हातही न लावता. २३ असेल तर बहुधा कंट्रोलरचं, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याचं, सेटिंगही बदललंय.
खात्री करायची तर पूर्ण चार्ज करून, सपाट खाजगी रस्त्यावर, फोनच्या जीपीएसने दोन्ही दिशांना. अर्ध्या चार्जवर व्होल्टेज पडतं आणि गाडी उगाच सभ्य वाटते.

मुक्ता: मग एलएसव्हीच करून घेऊ का?

निखिलदादा: मी नाही करणार. बघ काय काय लागतं: हेडलाइट, टेल, ब्रेक लाइट, चारही कोपऱ्यांना इंडिकेटर, रिफ्लेक्टर, आरसे, पार्किंग ब्रेक, प्रत्येक सीटला बेल्ट, आणि विंडशील्ड साध्या ॲक्रिलिकची नाही, काचेवर एएस-१ सारखी सेफ्टी ग्लासची खूण असलेली. मग वजनाची पावती, सगळ्या पार्ट्सची बिलं, गाडीत बदल करणाऱ्याचं लेखी निवेदन, आणि गाडी ट्रेलरवर चढवून मोटार खात्याच्या रीजनल ऑफिसात तपासणी. तिथे व्हीआयएन, म्हणजे गाडीचा अधिकृत ओळख क्रमांक, मिळतो. कार्टच्या सीटखालचा सीरियल नंबर म्हणजे व्हीआयएन नाही. एवढं करायचं तर कारखान्यातूनच एलएसव्ही म्हणून आलेली घे.
ही घ्यायचीच असेल तर १८ इंची टायर परत बसव, लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) काढ, डीलरकडून कंट्रोलर १९ वर लॉक करून तसा कागद घे. वेगाइतकंच पडण्याचंही बघ. लिफ्ट केली की गुरुत्वमध्य वर जातो, आणि बऱ्याच जुन्या कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात.

आई: मागे उलट्या तोंडाची सीट आहे फोटोत. मुलांना बसवावं का?

निखिलदादा: आत्या, बेल्ट लावल्याशिवाय मुळीच नको. झटक्यात वळलं की बाजूने, ॲक्सिलरेटर दाबला की सरळ रस्त्यावर पडतात. दोन्ही हातांनी धरायला दांडा आणि पाय टेकायला फळी हवीच. पाय टेकत नसतील तर मूल पुढे बसवा.
मुक्ता, दिवे बसवताना अजून एक. काही जण सहातल्या दोन ८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून १६ व्होल्टचं कनेक्शन काढतात. त्या दोन बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात, चार्जर सगळ्यांना सारखंच भरतो, आणि त्याच दोन आधी मरतात. पूर्ण ४८ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लाव.

संजयमामा: विमा सक्तीचा नसला तरी घे. घराच्या पॉलिसीत कार्ट कॉलनीच्या आतच धरलेली असू शकते, एजंटकडून "सार्वजनिक रस्त्यावर" हे शब्द लेखी घे.

मुक्ता: विकणाऱ्याकडे टायरचा आकडा, कंट्रोलरचं नाव आणि सीरियल प्लेटचा फोटो मागते. रस्त्यांची यादी शहराच्या वाहतूक विभागाकडून घेते.

निखिलदादा: बॅटऱ्यांवरची तारीखही माग. आणि गाडी रात्रभर चार्जरवरून काढून ठेवून सकाळचं व्होल्टेज. पूर्ण भरलेल्या लेड-ॲसिड पॅकचं ५०.९ च्या आसपास यायला हवं. प्रत्येक बॅटरीचं वेगळं मोजून दिलं तर अजून चांगलं.