गप्प बसून प्रार्थना करताना डोक्यातला गोंगाट थांबतच नाही, काय करावं?

वसईवाली:
नमस्कार. मी कॅथलिक, वसईची. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, रिट्रीट (प्रार्थनाशिबिर) झाली. तिथे एका सिस्टरांनी मौन प्रार्थना शिकवली. एक छोटा शब्द घ्यायचा, डोळे मिटायचे आणि वीस मिनिटं देवासमोर नुसतं बसायचं. तिथे बरं वाटलं. घरी मात्र सगळा आनंद आहे. नवरा लोकलला गेला की मुलं उठेपर्यंत थोडा वेळ मिळतो, तेव्हा बसते. मनात ‘येशू’ म्हटलं की पाठोपाठ डब्याची भाजी, गॅसचा नंबर, नणंद साखरपुड्यात काय बोलली ते. शेवटी घड्याळ बघत बसते.

त्यात सासूबाई म्हणतात, गप्प बसणं ही कसली प्रार्थना, त्यापेक्षा जपमाळ घेऊन रोजरी म्हण. आणि प्रार्थना ग्रुपमधले एक भाऊ म्हणाले, मन रिकामं केलं की सैतानाला दार उघडं, हे सगळं योगातून आलंय. खरंच असं आहे का? की माझ्यासारखीला हे जमणारच नाही?

निवृत्त मेट्रन, पुणे:
बाई, घड्याळाची लाज वाटून घेऊ नकोस. आविलाची संत तेरेसा, सोळाव्या शतकातली स्पेनची संन्यासिनी, तिने आत्मचरित्रात सरळ लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष देवापेक्षा तास कधी संपतो आणि घड्याळाचे टोले कधी पडतात याकडेच असायचं. पुढे १९७० साली पोपनी तिला चर्चची डॉक्टर, म्हणजे सगळ्या चर्चची गुरू, म्हणून जाहीर केलं. हीच बाई वर्षानुवर्षं हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायला धजत नव्हती. आणि ‘आंतरिक दुर्ग’ हे प्रार्थनेवरचं पुस्तक लिहिताना (१५७७) तिच्या डोक्यात इतका आवाज चालू होता की ती म्हणते, गिरणीची खडखड चालू दे, आपण आपलं पीठ दळत राहावं.

तू गोंगाट थांबवायला बसतेस, तिथेच गाडी अडते. तो शब्द विचारांना हाकलायची काठी नव्हे. विचार आला, तू त्याच्याबरोबर थोडी लांब गेलीस, ध्यानात आलं, हळूच त्या शब्दाकडे परत आलीस. झाली प्रार्थना. परत येणं हेच काम. तुला सिस्टरांनी जे शिकवलं ते बहुधा अमेरिकेतल्या स्पेन्सर गावच्या ट्रॅपिस्ट (मौन पाळणाऱ्या कॅथलिक साधूंच्या) मठातून १९७०च्या दशकात पसरलेलं. तिथले फादर थॉमस कीटिंग यांची एक गोष्ट सांगतात. एक सिस्टर त्यांना म्हणाली, फादर, वीस मिनिटांत माझ्या मनात दहा हजार विचार आले. ते म्हणाले, वा, म्हणजे देवाकडे परतायच्या दहा हजार संधी!

नणंदेचं बोलणं आठवलं तर त्याच्याशी भांडू नकोस, त्याला उत्तरही देऊ नकोस. (उत्तरं फार सुचतात त्या वेळी, मला माहीत आहे.)

आता त्या भाऊंचं. हे योगातून आलं म्हणतात, तर त्यांना विचार, इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात कुठला योगवर्ग भरत होता? जॉन कॅसियन नावाचा ख्रिस्ती साधू तिथल्या संन्याशांकडे राहून आला आणि पुढे त्याने त्यांच्या शिकवणुकी लिहून काढल्या. त्या पुस्तकातल्या दहाव्या संवादात आबा इसाक हा तिथला एक संन्यासी त्याला बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ देतो, देवा माझ्या मदतीला धाव, या अर्थाची. खाताना, झोपताना, काम करताना तीच घोळवत राहा म्हणतो. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ हे प्रार्थनेवरचं पुस्तक लिहिणारा तर एकच छोटा शब्द घे म्हणतो. विसाव्या शतकातला जॉन मेन हा बेनेडिक्टाईन संघाचा साधू मात्र मलायात एका हिंदू स्वामींकडून हे शिकला, ते खरं. पण नंतर त्याला तेच कॅसियनमध्ये सापडलं.

आणि मन रिकामं करायचं नाहीच. मन कोणाकडे तरी लावायचं असतं. म्हणून आधी वचन वाच. मी आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाच्या मिस्साचं (चर्चमधल्या उपासनेचं) शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, काढून ठेवते. सकाळी सावकाश दोनदा वाचते. बार्तिमय आंधळ्याला येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? अशा एखाद्या वाक्यावर थांबायचं, जे बोलायचं ते बोलून घ्यायचं, मगच गप्प. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या कार्थुसियन संघातल्या साधूने हाच क्रम लिहिलाय: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग दर्शन, म्हणजे देवासमोर नुसतं गप्प राहणं. तू पहिल्या तीन पायऱ्या सोडून थेट चौथीवर बसतेस, मग डोक्यात भाजीच येणार.

वीस मिनिटांचा हट्ट नको. दहा कर. मोबाईल दुसऱ्या खोलीत. मी स्वयंपाकघरातला चावीचा टायमर लावते आणि टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून टॉवेलात गुंडाळते. स्टुलावर बसते, पाठ ताठ. पलंगावर बसलीस तर झोपशील. रात्रपाळी करून आल्यावर मी कितीदा झोपले असेन, त्याचा हिशेब देवाकडेच.

नगरकर:
आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे ‘शांत वेळ’ म्हणजे बायबल, वही आणि पेन. नुसतं गप्प बसायची सवय नाही. पण मेट्रनबाई म्हणतात तसं आधी काहीतरी हवंच. मी नारायण वामन टिळकांचा एखादा अभंग हळू म्हणतो, मग आपोआप गप्प होतो. फक्त एक शंका. बसल्यावर खूप शांत वाटलं तर तो पवित्र आत्मा म्हणायचा का? की नुसतं दमलेलं शरीर सैल पडलं?

निवृत्त मेट्रन, पुणे:
नगरकर, नेमकं बोललात. १९८९ साली रोमहून ख्रिस्ती ध्यानावर एक पत्र निघालं, कार्डिनल राट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीचं. त्यात हेच म्हटलंय: शरीराच्या काही क्रियांनी आपोआप शांत, सैल वाटतं, त्यालाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नका. पण त्याच पत्रात इतर धर्मांतल्या पद्धतींतलं चांगलं सरसकट फेकून द्या, असं मात्र म्हटलेलं नाही. भाऊंना दोन्ही भाग वाचायला द्या. कसं वाटलं याकडे मी बघतच नाही. दिवसभरात कोणावर किती खेकसले, ते बघते.

आणि मनातून फार जुनं दुःख वर येऊ लागलं, रडू आवरेना, तर नेटाने बसून राहायचं नाही. फादरांशी बोलायचं, लागलं तर डॉक्टरकडे जायचं. हे नर्स म्हणून सांगते.

वसईवाली:
खूप आभार. वाचनाचं माझ्याकडून राहूनच जात होतं. सासूबाईंना काय सांगू?

निवृत्त मेट्रन, पुणे:
काही सांगू नकोस, त्यांच्याबरोबर रोजरीला बस. तेरेसानेच लिहिलंय, एक सिस्टर व्याकूळ होऊन तिच्याकडे आली की मला ध्यान जमत नाही, मी आपली तोंडाने ‘आमच्या बापा’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणते. तेरेसाने चौकशी केली तर ती त्या ‘आमच्या बापा’तूनच कुठल्या कुठे पोचली होती! तुझ्या सासूबाई कुठवर पोचल्यात, तुला काय माहीत?

वसईवाली:
हे मात्र त्यांना वाचून दाखवणार. १९८९चं पत्र ग्रुपवर टाकलंय. भाऊंनी अजून पाहिलेलं नाही, काय म्हणतात ते कळवते.