लग्नाची फाइल डीव्हीडीवर कशाला चढवायची?

पार्कचौक (धागा यांचा)
मामेबहिणीचं लग्न झालं. फोटोवाल्याने पेन ड्राइव्हमध्ये तीन तासांचं फोर-के शूटिंग दिलं. आता मामा मागे लागलेत, "याच्या डीव्हीडी काढ, भिवंडीला आणि तेलंगणात सिरसिल्ल्याला पाठवायच्यात." मी म्हणतो, काढूच नयेत.

डीव्हीडीवर आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. फोर-केच्या एका फ्रेममध्ये त्याच्या बरोबर २० पट ठिपके असतात. म्हणजे वीसातले एकोणीस टाकून द्यायचे आणि उरलेल्याला एमपीईजी-२ च्या जुन्या कॉम्प्रेशनमध्ये कोंबायचं. ४.७ जीबीच्या डिस्कवर (कॉम्प्युटरची मोजायची पद्धत वेगळी, म्हणून तो ४.३७ दाखवतो, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका) झकास दर्जाचं तासभरच बसतं. तीन तास एकाच डिस्कवर बसवले की बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारा डेटा, तीन-सव्वातीन एमबीपीएसवर येतो. मग नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर तलंब्रालूचे तांदूळ ओततात, नेमकं तिथेच चित्राचे चौकोन पडतात. बारीक, वेगाने पडणाऱ्या वस्तू हे कॉम्प्रेशन झेलूच शकत नाही. ज्या क्षणासाठी शूटिंग केलं तोच खराब.

उलटं काम मात्र लवकर उरका. घरात ज्या जुन्या डिस्क आहेत त्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

शेंगाचटणी
तुमचं ठिपक्यांचं गणित बरोबर, पण बघणार कोण? सिरसिल्ल्याच्या आजींच्या घरी डीव्हीडी प्लेअर आहे की नाही ते आधी विचारा. असेल तर विषय संपला. डिस्क घातली, रिमोटचं बटण दाबलं, लग्न सुरू. पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिलात तर तो सुपारीच्या डब्यात जाईल आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडेल.

शिवाय फोर-के फाइल बहुतेक वेळा एच.२६५ या नव्या कॉम्प्रेशनमध्ये असते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या साध्या टीव्हीच्या यूएसबीत ती चालेलच असं नाही. पडद्यावर 'फॉरमॅट सपोर्ट करत नाही' असं आलं की तुमचे ते २० पट ठिपके कुणी पाहिले?

अशोकचौकी शूटिंगवाला
काय बे पार्कचौक, तीन तास एका डिस्कवर कोंबायला सांगितलं कुणी? दीड-दीड तासाच्या दोन कर. साडेसहा एमबीपीएस मिळतात, जुन्या टीव्हीवर कुणाला फरक कळत नाही. डीव्हीडीची मर्यादा ९.८ ची आहे, पण तिथपर्यंत नेऊ नये, जुने प्लेअर अडखळतात. टू-पास एन्कोडिंग लाव. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर बघून घेतं कुठं हलचल जास्त, दुसऱ्या फेरीत तिथं जास्त बिट देतं. तुझे तांदूळ पण सुधारतात मग.

खरी चूक लोक दुसरीकडंच करतात. एमपी-४ फाइल उचलून डिस्कवर टाकतात अन् म्हणतात डीव्हीडी केली. ती डेटा डिस्क झाली बे. प्लेअरला 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर लागतो, त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी फाइली. व्हीओबीत चित्र अन् आवाज, आयएफओ म्हणजे कुठं काय आहे त्याची यादी, बीयूपी तिचीच दुसरी प्रत. डीव्हीडीस्टायलर फुकट आहे, तो हे सगळं करून देतो. डिस्कवर १६ एक्स वेग लिहिलेला असला तरी ८ वर जाळ, अन् शेवटी फायनलाइज कर, म्हणजे लिहिणं संपलं अशी डिस्क बंद कर. नाहीतर तुझ्या कॉम्प्युटरवर चालेल, आजीकडं 'नो डिस्क'.

पार्कचौक
दोन डिस्कचं पटलं. पण डिस्क ही ठेवायची वस्तू नाही, यावर मी ठाम आहे. घरी जाळलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेसर त्याच्यावर खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवेत तो रंग बिघडत जातो. आपल्याकडे सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर. पूर्व भागात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या डिस्कची काय गत होत असेल ते वेगळं सांगायला नको.

होटगीरोड
आणि हार्ड डिस्क काय अमरपट्टा घेऊन आलीय? टेबलावरून एकदा पडली की सगळं एका दमात जातं. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना कपाटात पडली तर तीही विसरायला लागते. डीव्हीडीवर निदान कुणी चुकून 'डिलीट' दाबू शकत नाही, व्हायरसला तिथे काही लिहिता येत नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं. टिकवायचंच असेल तर एम-डिस्क घ्या, तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा कठीण थर असतो. ती काढणारी कंपनी हजार वर्षं म्हणायची, ते बघायला आपण कुणी नसू, पण साध्या डिस्कपेक्षा ती चिवट आहे. लिहायला मात्र तिला चालणारा रायटरच लागतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. बाबांनी गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या व्हीएचएस कॅसेट जपून ठेवल्यात. त्यांचं काय करू?

अशोकचौकी शूटिंगवाला
काका, त्या आधी करा, बाकी सगळं नंतर. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली, आता चालू मशीन मिळणंच अवघड. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका. टेप फाटते अन् हेडही घाण होतं, मग पुढच्या कॅसेटलाही लागतं.

व्हीएचएसमध्ये आडव्या रेषेत जेमतेम २४० ओळींचा तपशील असतो, त्याला डीव्हीडीचा आकार भरपूर झाला. इथं पार्कचौकचं २० पटचं गणित लागू पडत नाही.

पार्कचौक
मान्य, कॅसेटला तो आकार पुरतो. पण कॅप्चर करून ठेवा फाइलमध्ये, मूळ इंटरलेस्ड तशीच, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं तशीच राहू देत. मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं हलली की कडांवर कंगव्यासारखे दात दिसतात, म्हणून लोक घाईने डीइंटरलेस करतात, म्हणजे त्या अर्ध्यांचं एक चित्र करतात. ते बघायच्या प्रतीत करा, मूळ प्रतीत नको.

जुन्या डिस्क उतरवतानाही तेच. लग्नाच्या डीव्हीडीतलं चित्र आधीच एमपीईजी-२ आहे, त्याचं पुन्हा एमपी-४ करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम दर्जाला हात न लावता फक्त डबा, म्हणजे फाइलचा प्रकार, बदलतो. मेनूसकट हवं असेल तर आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल, काढा. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग वाचून घेतो आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. पुसायचं मधून बाहेर, गोल गोल नाही.

शेंगाचटणी
व्हीसीडीचं काय? आमच्याकडे चुलत्यांच्या लग्नाच्या पडल्यात.

अशोकचौकी शूटिंगवाला
त्या सगळ्यात नाजूक. व्हीसीडी म्हणजे सीडीच, तिचा चमकता थर लेबलाच्या अगदी खाली असतो. वरून नावाचं स्टिकर ओढून काढलं की थर निघालाच समजा. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरच्या ओरखड्याला दाद देत नाही. बॉलपेनने कशावरच लिहू नका.

जुळे सोलापूर
सगळे हुशार एकत्र जमलात, म्हणून विचारतो. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्क उतरवणं कायद्यात बसतं का? त्यांना कॉपी रोखणारं सीएसएसचं कुलूप असतं. ते १९९९ मध्येच फुटलं हे ठाऊक आहे, पण फुटलेलं कुलूप म्हणजे परवानगी नव्हे.

होटगीरोड
२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं. हक्कभंग करायच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. दुसरीकडे कलम ५२ खाजगी वापरासाठी न्याय्य वापराला मुभा देतं, पण बॅकअप प्रतीचा उल्लेख तिथे फक्त कॉम्प्युटर प्रोग्रॅमसाठी आहे, सिनेमासाठी नाही. माझ्या मते स्वतःच्या डिस्कची प्रत स्वतःच्या कपाटात ठेवण्याचा हेतू हक्कभंगाचा होत नाही.

जुळे सोलापूर
तुमचं मत, कोर्टाचं नव्हे. उल्लेख नाही म्हणजे मुभा, हे मी धरणार नाही. मी घरचंच उतरवतो, सिनेमे राहू देत. लग्नाच्या डिस्कला कुलूप नसतंच.

पार्कचौक
बरं, मामांशी बोललो. सिरसिल्ल्याला प्लेअर आहे, तिथे दोन डिस्कचा संच जाईल. भिवंडीत सगळ्यांकडे नवे टीव्ही, त्यांना पेन ड्राइव्हच. मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे, एक मामांकडे. मेनूबिनू मात्र करत बसणार नाही.

अशोकचौकी शूटिंगवाला
मेनू नको तर नको, पण दीड तासात हळद कुठंय ते आजी शोधणार कशी बे? दर पाच मिनिटाला चॅप्टर तरी टाक.