इंडियाना बास्केटबॉल : वूडसननंतर कोण? नाइटचा माणूस शोधणं आता तरी थांबवा (२४ फेब्रुवारी २०२५)

बाळू_ब्लूमिंग्टन
घसा पूर्ण बसलाय, बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. काल आपल्या इंडियाना विद्यापीठाच्या असेंब्ली हॉलमध्ये होतो. शेजारच्या परड्यू विद्यापीठाला ७३-५८नं हरवलं! हाफटाइमला १२ने मागे होतो, उरलेल्या वीस मिनिटांत ४८-२१. तारीखही काय जुळून आली! २३ फेब्रुवारी १९८५ला याच हॉलमध्ये, याच परड्यूविरुद्ध, आपल्या तेव्हाच्या कोच बॉब नाइटनं कोर्टावर खुर्ची भिरकावली होती. बरोब्बर चाळीस वर्षं.

आता मुद्द्याचं. आपला कोच माइक वूडसन हंगाम संपला की जाणार, हे ७ तारखेला जाहीर झालं. त्यानंतर पोरांनी मिशिगन स्टेटला त्यांच्या घरात जाऊन हरवलं आणि काल हे. लगेच आमच्या रांगेतले दोघे-तिघे विरघळले, "राहू दे की बिचाऱ्याला, घरचाच आहे."

हे 'घरचा' प्रकरणच आपल्याला नडलंय. वूडसन इंडियानापोलिसचा, नाइटच्या हाताखाली खेळलेला, एनबीएत दोन टीम सांभाळलेला. पण २०२१पर्यंत कॉलेजात एक दिवस कोचिंग केलेलं नव्हतं. पहिल्या तीन हंगामांत दोनदा एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत पोचलो, दोन्ही मिळून दोन सामने जिंकलो, त्यातला एक तर मुख्य फेरीच्या आधीचा. गेल्या वर्षी तेही नाही.

माझं मत बेन मॅकॉलमला. नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटसारख्या आडगावच्या कॉलेजात त्यानं दुसऱ्या श्रेणीची चार विजेतेपदं मिळवली : २०१७, २०१९, २०२१, २०२२. गेल्या वर्षी ड्रेक विद्यापीठात आला, येताना आपली चार पोरं सोबत घेऊन आला, आणि ड्रेक या हंगामात हरलेले सामने एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्या पोरांना वरची श्रेणी झेपणार नाही म्हणणारे सगळे गप्प आहेत.

धरमपेठी
बाळूभाऊ, लहान कॉलेजचा हुशार कोच आणून झाला ना आपला! आर्ची मिलर विसरले का? डेटन कॉलेजला एलीट एटपर्यंत (शेवटच्या आठांत) नेलं होतं त्यानं. इथं चार वर्षं काढली, एनसीएएचं तोंड पाहिलं नाही (२०२०ला स्पर्धाच रद्द झाली, तो भाग वेगळा). मग त्याला घरी पाठवायला देणगीदारांनी एक कोटी डॉलरच्या वर मोजले. काम न करण्याचे!

त्याच्या आधीचे कोच बघा : सॅम्प्सन ओक्लाहोमाला फायनल फोर (शेवटचे चार) करून आला होता, क्रीन मार्केट विद्यापीठाला. म्हणजे मोठा आणला, लहान आणला, शेवटी घरचा आणला. राहिलं काय?

माझ्या मते एकच माणूस. डस्टी मे. इथल्याच ग्रीन काउंटीचा पोरगा, नाइटच्या टीमचा विद्यार्थी मॅनेजर होता. टॉवेल उचलले, पाण्याच्या बाटल्या भरल्या. पुढे फ्लोरिडा अटलांटिकसारख्या कुणाला ठाऊक नसलेल्या कॉलेजला २०२३मध्ये फायनल फोरला नेलं. घरचा पण आहे अन् स्वतःच्या हिमतीवर मोठा झालेला पण.

बाळू_ब्लूमिंग्टन
आणि आज तो कुठे आहे? मिशिगनला! आठ विजय, चोवीस पराभव अशी टीम हातात घेतली आणि पहिल्याच वर्षी आपल्या बिग टेन साखळीच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवली. गेल्या मार्चमध्ये तो मोकळा होता. तेव्हा आपण वूडसनला अजून एक वर्ष दिलं. आता गाडी सुटल्यावर फलाटावर धावण्यात काय अर्थ?

लाफायेटची माई
शेजाऱ्यांच्या घरात डोकावू नये म्हणतात, पण कालच्या जखमेवर मीठ चोळलंत तेव्हा बोलतेच. (हो, मी परड्यूवाली. नवरा ब्लूमिंग्टनचा. काल रात्री आमच्याकडे पिठलंसुद्धा कुणी गरम केलं नाही.)

बाळूभाऊ, तुमचं दुखणं 'घरचा' नाहीच. तुमचं दुखणं घाई. १९८०पासून आमच्याकडे कोच किती झाले? दोन. जीन कीडी पंचवीस वर्षं, आणि २००५पासून त्यांच्याच हाताखाली खेळलेला मॅट पेंटर. अगदी घरचा! २०१३ आणि २०१४ला पेंटरची टीम एनसीएएत नव्हती. २०२३ला पहिल्या मानांकनाची टीम सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरली, सगळा देश हसला. तुमच्याकडे असता तर दुसऱ्या दिवशी सामान बाहेर. आम्ही ठेवला. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात.

तुम्ही २०००मध्ये नाइटना काढल्यापासून मोजा : डेव्हिस, सॅम्प्सन, क्रीन, मिलर, वूडसन. क्रीननं २०१३ आणि २०१६ला बिग टेन जिंकून दिली, २०१७ला त्यालाही नारळ. आता सहावा शोधताय, आणि त्यालाही चौथ्या वर्षी तेच म्हणाल.

बाळू_ब्लूमिंग्टन
माई, तुमच्या मॅकी अरीनाच्या छताला एनसीएए विजेतेपदाचा एकतरी बॅनर आहे का? आमचे पाच आहेत : १९४०, ५३, ७६, ८१, ८७.

लाफायेटची माई
सत्त्याऐंशी! मी तेव्हा सोलापुरात बालवाडीत होते.

शिट्टीमास्तर
मी सांगलीहून. शाळेत खेळाचा शिक्षक होतो, आता निवृत्त. भाचा ब्लूमिंग्टनला शिकतो, त्याच्यामुळे हे व्यसन लागलं. रविवारी रात्री उशिरापर्यंत जागून पाहिलं. ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे पायजमे घालून सराव करणारी पोरं, जर्सीवर कुणाचंच नाव नाही, हे मला फार आवडतं.

गाण्याच्या घराण्यासारखं चाललंय तुमचं. नाइटनी गंडा बांधला म्हणजे शिष्याचा सूर लागेलच असं नाही. पण बाळूराव, तुमच्याही म्हणण्यात एक गोम आहे. नाइट चार-चार वर्षं एकच पोरगा घडवायचे. आता ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलायची सोय) आहे, प्रायोजकांचे पैसे आहेत, पोरं दरवर्षी गाव बदलतात. माईंचा धीर तरी कशावर धरायचा? टीमच दर एप्रिलला नवी.

बाळू_ब्लूमिंग्टन
मास्तर, तेच तर मी म्हणतोय! आता कोच येतो तो एकटा येत नाही, आपलं बिऱ्हाड घेऊन येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये पाहिलं ना? कोच सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आला, तिथली डझनभर पोरं सोबत आणली, आणि ज्या इंडियानाच्या फुटबॉलला शतकभर कुणी विचारत नव्हतं, ती टीम पहिल्याच हंगामात ११-२, थेट प्लेऑफमध्ये. तो कुणाचा शिष्य, कुठल्या गावचा, एकानं तरी विचारलं? आपल्या क्रीडा विभागाच्या ज्या प्रमुखानं, स्कॉट डॉल्सननं, त्याला शोधला, तोच आता बास्केटबॉलचा कोच निवडणार आहे. त्यानं तीच चाळण लावावी, बस.

धरमपेठी
सिग्नेटी एक सापडला म्हणून प्रत्येक वेळी लॉटरी लागते का बे? आणि एक सांगा. हा मॅकॉलम जन्मला कुठं? आयोवात. वाढला आयोवात. ड्रेक कुठं? आयोवात. उद्या आयोवा विद्यापीठाची खुर्ची रिकामी झाली तर तुमचा माणूस कुठं जाईल? 'घरचा' नको म्हणता, पण त्याला पण घर आहे ना भाऊ.

बाळू_ब्लूमिंग्टन
...हे मात्र खरंय. रात्री एक वाजता मला हा विचार करायचा नव्हता.

कँडीस्ट्राइप
एवढी भांडणं कशाला? ब्रॅड स्टीव्हन्स! इथल्याच झायन्सव्हिलचा. बटलर कॉलेजचा कोच असताना २०१० आणि २०११, लागोपाठ दोन अंतिम सामने. पैसे कितीही लागू देत.

धरमपेठी
आला! दर चार वर्षांनी हे नाव येतंच. २०२१ला पण आलं होतं, तेव्हा तो नाही म्हणाला. आता एनबीएच्या बॉस्टन सेल्टिक्सचा प्रमुख आहे, गेल्या जूनमध्ये एनबीए जिंकून बसलाय. तो बॉस्टन सोडून अठरा वर्षांच्या पोरांच्या आईवडिलांना फोन करत बसेल?

लाफायेटची माई
स्टीव्हन्स आले तर मी स्वतः तुमच्या पार्किंगमध्ये येऊन बटाटेवडे तळीन. इतकी खात्री आहे मला.

शिट्टीमास्तर
भाचा आणखी एक नाव सांगत होता. डॅरियन डेव्ह्रीज. मॅकॉलमच्या आधी ड्रेक त्यानंच उभं केलं म्हणे. सहा वर्षं होता, तीनदा एनसीएएला नेलं. म्हणजे मॅकॉलमला घर मिळालं ते बांधलेलं. चालेल का तो?

बाळू_ब्लूमिंग्टन
मास्तर, तो वेस्ट व्हर्जिनियाला गेलाय, त्याचा तिथला पहिला हंगामसुद्धा अजून संपायचाय. तो कशाला येतोय? झोपतो आता, सकाळी आठला मीटिंग आहे आणि आवाज नाही.