मदत हवी आहे: डीव्हीडीवरून अपग्रेड मध्येच अडकतंय

नमस्कार मंडळी. जुन्या लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकतोय. डीव्हीडीवरून बूट होतं, मेनूही येतो, पण फायली कॉपी होताना ड्राइव्ह घरघरतो, बार जागच्या जागी थांबतो आणि काळ्या स्क्रीनवर ‘इनपुट/आउटपुट एरर’च्या ओळी धावू लागतात. आयएसओचा (डाउनलोड केलेल्या डिस्क-फाइलचा) शा-256 चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते पडताळायचा कोड, जुळला, म्हणजे डाउनलोड ठीक आहे. डिस्क 16एक्स वेगाने बर्न झालीय. 4एक्सवर पुन्हा केली तर फरक पडेल? की ड्राइव्हची लेन्सच गेली असेल? हीच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासली तर दोष कुठे आहे ते कळेल का? पेनड्राइव्ह कृपया सुचवू नका, या मशीनचा बायोस (मशीन चालू करणारा मूळ प्रोग्रॅम) यूएसबीवरून बूट करत नाही. बॅकअप घेतलाय, पण अपग्रेड अर्धवट राहिल्यावर जुनी सिस्टीम वाचवता येते का, हे आधी सांगा.